शिकाऊ हाताला किती अधिकार?



ज्याला एखादे काम येत नाही, त्याने त्या कामाला हात लावावा का? प्रश्न साधा वाटतो. 'हात लावल्याशिवाय काम येणार कसे?' असे म्हणून आपण मोकळे होतो. पण समोरची वस्तू एकच असेल, पुन्हा मिळणारी नसेल आणि ती दुसऱ्या कुणाच्या घामाची असेल, तर? शिकणाऱ्याने शिकले पाहिजे हे खरे, परंतु त्याच्या शिकण्याची किंमत कुणी मोजायची? आज या प्रश्नाचा विचार आपण एका घरगुती उदाहरणावरून करू या. ते उदाहरण म्हणजे जुनी, छोटी मोटारसायकल.

मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात आज ज्या दुचाकी उभ्या असतात, त्यांत जुनी गाडी क्वचितच दिसते. जुन्या गाड्या आहेत, पण त्या घराच्या मागच्या पडवीत, गोणपाटाखाली. कुणाची राजदूत, कुणाची येझदी, कुणाची लुना. कधीकाळी याच गाड्यांवरून भाजीच्या टोपल्या आणि दुधाचे कॅन गेले, मुले शाळेत गेली, आजारी माणसे दवाखान्यात गेली.

समजा, असेच एक घर आहे. वडील आता हयात नाहीत. त्यांची राजदूत कित्येक वर्षे पडवीत उभी आहे. मुलगा नोकरी करतो. त्याने आजवर हातात पाना धरलेला नाही, पण बाबांची गाडी आपण स्वतः दुरुस्त करायची असे त्याच्या मनाने घेतले आहे. काका म्हणतात, "वहिनी, भंगारवाल्याला देऊन टाका, नुसती जागा अडते." शेजारचा मित्र म्हणतो, "नवा रंग मार, क्रोम कर, शोरूमसारखी चकाचक कर." आई बराच वेळ काही बोलत नाही. मग टाकीकडे बोट दाखवून एवढेच म्हणते, "तेवढी ती जागा तशीच ठेव हो." टाकीवर एका जागी रंग उडालेला आहे. मुलगा लहान असताना बाबा त्याला तिथेच पुढे बसवून शाळेत सोडत असत.

या घरात कुणाचेच म्हणणे खोटे नाही. जागा अडते हे खरे, गाडी चांगली दिसावी हेही खरे आणि आईचे तर खरेच. मग मुलाने काय करावे?

गाडी कोणती ते आधी पाहू

राजदूत १७५ ही गाडी फरिदाबादच्या एस्कॉर्ट्‌स कंपनीने १९६० च्या दशकात बनवायला घेतली. तिचा मूळ आराखडा पोलंडमधील एसएचएल एम ११ या मोटारसायकलचा. इंजिन १७३ सीसीचे, एका सिलिंडरचे, टू-स्ट्रोक. १९७३ च्या 'बॉबी' चित्रपटात याच घराण्यातील छोटी जीटीएस गाडी झळकली आणि लोक तिला 'बॉबी' म्हणूनच ओळखू लागले. राजदूतचे उत्पादन बंद होऊनही आता बरीच वर्षे झाली.

शिकाऊ माणसाला ही गाडी बरी, कारण तिच्यात लपलेले फार थोडे आहे. टू-स्ट्रोक इंजिनाच्या डोक्यात व्हॉल्व्ह नसतात. पिस्टनच वरखाली होताना सिलिंडरमधील खिडक्या उघडतो आणि झाकतो, त्यातूनच इंधन आत येते आणि धूर बाहेर जातो. ठिणगी पाडण्याचे काम 'पॉइंट' करतात. ते डोळ्यांनी दिसतात, बोटांनी साफ करता येतात. संगणक कुठेच नाही.

कोणतेही पेट्रोल इंजिन चालू व्हायला तीन गोष्टी लागतात: ठिणगी, इंधन आणि दाब. तिन्ही तपासता येतात. प्लग काढून, पेट्रोल दूर ठेवून, तो इंजिनाच्या धातूला टेकवला आणि किक मारली की ठिणगी दिसते किंवा दिसत नाही. बऱ्याच किका मारूनही प्लग कोरडाच निघाला, तर पेट्रोल आत पोहोचत नाही. किक हाताने दाबली तरी सहज खाली जात असेल, तर दाब धरला जात नाही. या तीन प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत बाकी सारे अंदाज असतात. इथे वशिला चालत नाही आणि गोड बोलणेही चालत नाही. पुष्कळ माणसांना आयुष्यात पहिल्यांदा 'मला हे माहीत नाही' असे स्वच्छ म्हणण्याची सवय लागते ती अशाच एखाद्या कामात.

परत फिरता येते, आणि परत फिरता येत नाही

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. शिकाऊ हाताला अधिकार किती? या कामाकडे नीट पाहिले तर उत्तराचा एक धागा हाती लागतो. गाडीवर करण्याची कामे दोन जातींची आहेत. काही कामे चुकली तरी परत फिरता येते. काही चुकली की परत फिरता येत नाही.

गाडी धुणे, टाकी उतरवून जुने पेट्रोल काढून टाकणे, कार्बोरेटर खोलून साफ करणे, पॉइंट पुसणे, पेट्रोलची नळी बदलणे, केबल बदलणे ही पहिल्या जातीची कामे. चुकले तर पुन्हा खोलावे, पुन्हा जोडावे. फार तर एक संध्याकाळ जाते आणि हात काळे होतात.

मात्र इथेही एक अट आहे. खोलणे सोपे असते, जोडणे कठीण. कोणती वायर कुठे होती, कोणता वॉशर कोणत्या बाजूला होता, हे दुसऱ्या दिवशी आठवत नाही. म्हणून प्रत्येक पायरीचा फोटो काढावा, प्रत्येक भागाचे नट-बोल्ट वेगळ्या डबीत ठेवावेत आणि डबीवर नाव लिहावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि मगच तपासावे. एवढे केले तर परतीची वाट शिल्लक राहते. नाही केले तर साधे कामसुद्धा न परतणारे होऊन बसते. परतीची वाट पुष्कळदा आपोआप मिळत नाही, ती आपण जाताना राखावी लागते.

दुसऱ्या जातीची कामे पाहा. वर्षानुवर्षे उभी असलेली गाडी पाहिली की प्रत्येक जण पहिल्यांदा काय करतो? किक मारतो. पण सिलिंडरमध्ये गंज धरला असेल, रिंगा अडकल्या असतील, तर तीच जोराची किक सिलिंडरच्या भिंतीवर कायमचा ओरखडा पाडू शकते. जाणता माणूस आधी प्लग काढतो, त्या छिद्रातून थोडे तेल सोडतो, एक-दोन दिवस थांबतो आणि मग इंजिन हळूहळू फिरवून पाहतो. गाडीपाशी गेल्यावर सर्वांत आधी ज्या गोष्टीसाठी पाय शिवशिवतो, तीच गोष्ट सर्वांत आधी टाळायची असते.

प्लगचेच घ्या. प्लग लोखंडी, इंजिनाचे डोके ॲल्युमिनियमचे. प्लग तिरका बसवून पान्याने दाबला, तर मऊ धातूचे आटे जातात. म्हणून पहिले काही फेरे नुसत्या बोटांनी द्यायचे, बोटांना अडले की उलट फिरवून पुन्हा सुरुवात करायची. कार्बोरेटरच्या पितळी जेटचे छिद्र तारेने कोरले तर ते मोठे होते आणि इंधनाचे प्रमाण कायमचे बिघडते. टाकीतला गंज काढायला तेजाब ओतला आणि वेळेचे भान राहिले नाही, तर गंजाबरोबर पत्राही जातो. सिलिंडर बोअर करून घेतला तर जितका धातू गेला तितका गेला. जाड पिस्टन बसवून काही वेळा भागते, पण ती पायरी पुन्हा खाली उतरता येत नाही. आणि राजदूतचे पेट्रोल टू-स्ट्रोक ऑइल मिसळूनच भरावे लागते, कारण इंजिनाच्या आतल्या भागांना तेल मिळते ते त्या पेट्रोलमधूनच. कुणी मदत म्हणून नुसते पेट्रोल भरून गाडी पळवली, तर पिस्टन सिलिंडरला धरून बसतो.

यातून शिकाऊ माणसासाठी एक साधा नियम निघतो. परत फिरता येते तिथे त्याने धीट असावे. परत फिरता येत नाही तिथे त्याने थांबावे आणि विचारावे.

नियम साधा, पण पाळायला अवघड. कारण आपण बहुतेक वेळा अज्ञानामुळे मोडत नाही, कंटाळून मोडतो. एक गंजलेला बोल्ट निघत नाही. रात्रीचे दहा वाजलेले असतात, जेवायला हाका मारून झालेल्या असतात, आणि मनात येते की आता एक हातोडी घालूच. बोल्टचे डोके तुटते आणि आत अडकलेला दांडा काढायला लेथवाल्याकडे जावे लागते. त्याच बोल्टवर गंज सोडवणारे तेल टाकून रात्रभर थांबले असते, सकाळी थोडी ऊब दिली असती, तर तो कदाचित निघाला असता. थांबणे म्हणजे काम टाळणे नव्हे, दुरुस्तीत थांबणे हेही कामच आहे. ज्या अर्ध्या तासात आपण चिडलेले असतो, त्या अर्ध्या तासात न परतणारे काही करू नये, एवढे ज्याला साधले त्याला अर्धी दुरुस्ती आली.

गाडी 'तीच' राहते कशाने?

आता आईच्या शब्दाकडे वळू. मुलाने टायर बदलले, चेन बदलली, केबल, वायरी, ब्रेक शू, पिस्टन बदलला. मग ही बाबांचीच गाडी राहिली का?

हा प्रश्न फार जुना आहे. प्लुटार्क या ग्रीक लेखकाने लिहून ठेवले आहे की थिसियस या वीराचे जहाज अथेन्सच्या लोकांनी जपून ठेवले होते. फळी कुजली की ती काढून नवी बसवायचे. तेव्हा विचारवंतांत वाद पडला, जहाज तेच की दुसरे? पुढे सतराव्या शतकात थॉमस हॉब्ज या इंग्रज विचारवंताने आणखी एक पेच टाकला. काढलेल्या सगळ्या जुन्या फळ्या कुणी गोळा करून पुन्हा जोडल्या, तर दोहोंपैकी खरे जहाज कोणते?

सरकारचे उत्तर रोखठोक आहे. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर जुळले की गाडी तीच. म्हणून चेसिस घासून रंगवताना ठोकलेला नंबर पुसला जाणार नाही, याची काळजी घ्यावीच लागते. २०२१ साली केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या वाहनांसाठी 'व्हिंटेज' म्हणून वेगळ्या नोंदणीचे नियम केले. त्यातही अट अशी की चेसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. अशी गाडी मग रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही.

इमारतींच्या बाबतीतही असाच वाद झाला आहे. जॉन रस्किन या इंग्रज लेखकाने १८४९ साली मत मांडले की जुनी इमारत पुन्हा नव्यासारखी करणे म्हणजे तिचा नाशच होय. त्याच विचाराच्या विल्यम मॉरिसने १८७७ साली लंडनमध्ये जुन्या इमारती राखण्यासाठी एक संस्था काढली. तिचे सांगणे असे की पडझड थांबवा, पाणी गळू देऊ नका, पण वय झाकू नका.

आपल्या राजदूतला यातले काय लागू पडते? टायर, चेन, केबल, ब्रेक लायनर, पिस्टनच्या रिंगा हे भाग झिजण्यासाठीच बनवलेले असतात. बाबांनी स्वतः ते कितीदा तरी बदलले असतील. ते बदलल्याने बाबांचे काही जात नाही, उलट त्यांचेच काम पुढे चालू राहते. पण टाकीवरची ती उडालेल्या रंगाची जागा कोणत्याही दुकानात मिळत नाही.

गंमत अशी की गाडीवरच्या साऱ्या कामांत रंग मारणे हे शिकाऊ माणसाला सर्वांत सोपे वाटते. पॉलिश पेपर घ्यावा, घासावे, लांबी भरावी, रंग मारावा. आणि नेमके तेच काम सर्वांत न परतणारे आहे! पिस्टन चुकला तर दुसरा आणता येईल. ती जागा एकदा घासली की गेली. न परतणारी गोष्ट नेहमी अवघड दिसतेच असे नाही. कधी ती दहा मिनिटांची, हौसेची आणि सगळ्यांना आवडेल अशी दिसते.

म्हणून आपल्या नियमाला दुसरी बाजू जोडावी लागते. जिथे परत फिरता येत नाही, तिथे दोन माणसांना विचारायचे. ज्याला ते काम येते त्याला, आणि ज्याचे नुकसान होणार आहे त्याला. मेकॅनिकला विचारले आणि आईला विचारले नाही, तर गाडी सुरू होईल, पण घरात काहीतरी बंद पडेल.

पण जुनेपणाची प्रत्येक खूण जपायची असेही नाही. चेसिसवरची भेग ही आठवण नव्हे, तो धोका आहे. गंजून पातळ झालेला पत्रा बदललाच पाहिजे. आईने सांगितलेल्या जागेवर मात्र गंज चढू नये म्हणून ती स्वच्छ करून मेणाचा हात दिला किंवा रंगहीन लॅकर मारले, तर तिचेही मन राहते आणि टाकीही टिकते. जुने जपणे आणि धोका दूर करणे यांत भांडण असलेच पाहिजे असे नाही.

रस्त्यावरचा शेजारी

आतापर्यंत बोललो ते घरातल्या माणसांबद्दल. परंतु गाडी फाटकाबाहेर पडली की तिसरा माणूस येतो, रस्त्यावरचा. त्याने आपल्याला शिकण्याची परवानगी दिलेली नाही.

ब्रेक, टायर आणि हँडल या तीन गोष्टी शिकाऊ माणसाने स्वतः जोडल्या तरी जाणत्या मेकॅनिककडून तपासून घेतल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी वर्षानुवर्षे उभ्या गाडीचे रबर कडक होऊन तडकलेले असते. पूर्वीच्या ब्रेक लायनरमध्ये ॲसबेस्टॉस वापरले जाई. म्हणून जुना ड्रम उघडल्यावर आतली धूळ फुंकर मारून किंवा हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने टिपून घ्यावी. पेट्रोलचाही विचार करावा. २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पंपांवर येऊ लागले. इथेनॉल हवेतले पाणी धरून ठेवते आणि जुन्या प्रकारच्या रबराला मानवत नाही. म्हणून नळ्या आणि रबरी भाग नवे घालावेत आणि टाकीत पेट्रोल महिनोन्‌महिने साठवून ठेवू नये. नळी गळून आग लागली तर ती आपल्यापुरती राहत नाही.

धुराचेही तेच. टू-स्ट्रोक इंजिनात न जळलेल्या पेट्रोल-ऑइलचा काही भाग धुराबरोबर बाहेर पडतो. तो निळसर धूर आणि तो वास यांनी आपल्याला बालपण आठवेल, पण शेजारच्या दम्याच्या माणसाला नुसता खोकला येईल. आठवण आपली आणि धूर त्याचा, असा हिशेब न्यायाचा नाही. अशी गाडी नीट ट्यून करून, प्रदूषण तपासणी करून, कधीमधी थोडी फिरवावी. रोज बाजारहाटासाठी ती काढण्याचा आग्रह धरू नये.

कागदपत्रे ही तर सगळ्यांच्या विसरण्याची जागा. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. पुढे गाडीची तपासणी करून ती ५-५ वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. मालक वारल्यास ३० दिवसांत आरटीओला कळवून, तीन महिन्यांच्या आत गाडी वारसाच्या नावावर करून घ्यावी असा नियम आहे. त्रयस्थाचा विमा सक्तीचा आहे. हे सारे करून मगच पाना हातात घ्यावा. नाहीतर वर्षभर खपून केलेली गाडी फाटकाच्या आतच राहते.

एक-दोन आक्षेप

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशासाठी? ज्याचे पोट भरलेले आहे त्याची ही हौस. दूधवाल्याने याच गाडीचे इंजिन रस्त्याच्या कडेला बसून खोलले, तेव्हा कुणी त्याचे कौतुक केले नाही. आक्षेप रास्त आहे. दुरुस्ती केली म्हणून माणूस आपोआप चांगला होत नाही. मुलगा रोज संध्याकाळी पडवीत बाबांच्या गाडीपाशी बसला आणि आई आत एकटी जेवली, तर त्या गाडीने घराला काय दिले? मेलेल्यांची आठवण जपताना जिवंत माणसांचा वेळ खर्च होत असतो, याचे भान हवेच.

दुसरी गोष्ट मेकॅनिकची. पॉइंटचे अंतर नजरेने ओळखणारे, इंजिनाच्या आवाजावरून बिघाड सांगणारे हात आता थोडे राहिले आहेत. आपण त्यांच्या गॅरेजात जातो, 'नुसते विचारायला आलो' म्हणतो, अर्धा तास घेतो आणि चहाचेही पैसे न देता निघतो. त्यांनी आयुष्यभर जे कमावले ते आपण फुकट नेतो. ज्ञानाला वजन नसते म्हणून त्याला किंमत नसते असे नाही. शिकणाऱ्याने विचारावे जरूर, पण विचारण्याचेही दाम मोकळ्या मनाने द्यावे.

शिकवणाऱ्यांचे कर्तव्य

बंधुभगिनींनो, मोटारसायकल हे निमित्त आहे. विचार केला तर आपण सगळेच कुठे ना कुठे शिकाऊ आहोत. पहिल्या बाळाचे आईवडील शिकाऊ असतात. अंथरुणाला खिळलेल्या वडिलांची सेवा पहिल्यांदा करणारा मुलगा शिकाऊ असतो. नव्याने निवडून आलेली समिती शिकाऊ असते. आणि या सगळ्यांच्या हाती जे दिलेले असते, ते एकच असते आणि दुकानात मिळत नाही. तिथेही हाच नियम कामी येतो. घरातल्या जेवणाच्या वेळा बदलून पाहाव्यात, नाही जमले तर पूर्ववत कराव्यात. पण म्हाताऱ्या माणसाची पंचवीस वर्षांची खोली तिला न विचारता रिकामी करू नये. रागात बोललेला शब्द मागे घेतला असे आपण म्हणतो खरे, पण ऐकणाऱ्याच्या मनातून तो काढता येत नाही.

मात्र हा नियम फक्त शिकणाऱ्यांसाठी नाही. ज्यांना काम येते, त्यांच्यावरही तो काही टाकतो. आपल्या घरांत तरुणांना किती वेळा ऐकावे लागते, "राहू दे, तुला नाही जमणार, तू बिघडवशील." वाडीतले काम असो, स्वयंपाक असो, सणाची तयारी असो, जाणती माणसे सगळे स्वतःच्या हातात धरून ठेवतात. काम चोख होते. आणि एक दिवस ते हात थकतात, तेव्हा मागे कुणालाच काही येत नसते. जी वस्तू कुणी बिघडवू नये म्हणून आपण कुणाच्याच हाती दिली नाही, ती शेवटी भंगारातच जाते.

तेव्हा जाणत्यांचे कर्तव्य असे, की जे बिघडले तरी पुन्हा जोडता येते ते तरुणांच्या हाती निःशंक सोपवावे आणि ते बिघडवतील तेव्हा आरडाओरडा करू नये. जे पुन्हा जोडता येत नाही ते दाखवून द्यावे, त्याचे कारण सांगावे आणि तिथे त्यांच्या शेजारी उभे राहावे. शिकणाऱ्याने विचारण्याची लाज बाळगू नये, आणि ज्याला येते त्याने सांगण्याचा तोरा मिरवू नये.

या आठवड्यात घरी एवढे करून पाहू या. वडीलधाऱ्यांनी आपल्याला येत असलेले एक काम निवडावे आणि ते घरातल्या तरुणाच्या हाती द्यावे. तरुणांनी कोणत्याही जुन्या गोष्टीला हात घालण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत: हे चुकले तर परत फिरता येईल का? आणि नाही आले, तर ते कुणाला सोसावे लागेल? दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात ज्याचे नाव येईल, त्याच्याकडे जाऊन आधी त्याला विचारावे.